कार्डावरची तारीख

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी टोरांटोहून तीन आठवड्यांसाठी परभणीला आले आणि चार महिने राहिले. त्या चार महिन्यांविषयी एवढेच सांगते, की मी निघाले तेव्हा आई काठी न घेता वसमत रोडपर्यंत चालत होती.

मुंबई विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने माझे कॅनडाचे पीआर कार्ड, म्हणजे तिथल्या कायम निवासाचे ओळखपत्र, दोनदा उलटसुलट करून पाहिले आणि वरिष्ठांना बोलावले. कार्डाची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली होती. मी तिथे अकरा वर्षे राहते, कर भरते, माझे घर आणि नोकरी तिथे आहे, आणि कार्ड संपले म्हणून कायम निवासाचा दर्जा संपत नाही, हे सारे मी त्यांना सांगितले. ते खरेही होते. तिथल्या 2001 च्या कायद्यानुसार पाच वर्षांत 730 दिवस देशात राहण्याची अट पाळणाऱ्या कायम निवाशाला परत येण्याचा हक्क आहे. परंतु तो हक्क मागायचा तो सीमेवरच्या अधिकाऱ्यापुढे, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला विमान लागते. विमान कंपनी मात्र चालू मुदतीचे कार्ड किंवा प्रवासपत्र पाहिल्याशिवाय कोणाला बसवत नाही. रांगेतल्या एका गृहस्थांनी अमेरिकेत उतरून खासगी गाडीने सीमा ओलांडण्याचा मार्ग सुचवला. तो मार्ग खरोखर आहे, पण भारतीय पासपोर्टवर त्यासाठी आधी अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता.

तिकिटाचे पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशी रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये मिळाली ती बाजूची बर्थ घेतली आणि आईने बांधून दिलेले धपाटे उशाशी ठेवून मनमाडपर्यंत जागीच राहिले. ज्या गावातून मी नोकरीसाठी बाहेर पडले, तिथे परतताना मला प्रथमच परवानगी नाकारली गेल्यासारखे वाटत होते, आणि त्या भावनेची मला लाजही वाटत होती, कारण माझे माहेर ही काही शिक्षा नव्हती. सकाळी दार उघडून आई फक्त म्हणाली, “आलीस का माय? चहा टाकते.” मी उंबऱ्यावरच रडले.

नवे पीआर कार्ड कॅनडाबाहेरून मागता येत नाही आणि ते पाठवलेही जाते ते तिथल्याच पत्त्यावर. बाहेर अडकलेल्याने कायम निवाशाचे प्रवासपत्र मागायचे असते. त्याचे शुल्क 50 डॉलर, म्हणजे बुडालेल्या तिकिटापुढे काहीच नाही. खरे काम होते पाच वर्षांतला प्रत्येक प्रवास तारखेनिशी मांडण्याचे आणि पगाराच्या पावत्या, कराची पत्रे जमवण्याचे. त्यातही फोटोने माझा सर्वांत जास्त वेळ घेतला. 50 बाय 70 मिलिमीटरचा फोटो, चेहऱ्यावर हसू नको, मागे स्टुडिओचे नाव, पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख हवी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्टुडिओच्या काकांनी या मापाचा फोटो कधी कापला नव्हता. त्यांनी पट्टी घेऊन तीन वेळा मोजमाप केले, पहिल्या दोन प्रती स्वतःहून फाडल्या आणि एकाच प्रतीचे पैसे घेतले. नंतर मागच्या बाजूला परभणीचा शिक्का उमटवताना ते म्हणाले, “ताई, कागद नसला की माणसाला कोणी विचारत नाही. आमच्याकडं निजामाच्या काळातली नोंद सापडंना म्हणून पोराचं प्रमाणपत्र अडलंय.” उर्दूतल्या आणि मोडीतल्या जुन्या कुणबी नोंदींसाठी 2023 पासून मराठवाड्यातली कितीतरी घरे दफ्तरे धुंडाळत आहेत, हे मी बातम्यांमध्ये वाचले होते, त्या दुकानात मात्र ते मला प्रथमच समजले.

सहा आठवड्यांनी प्रवासपत्र चिकटवलेला पासपोर्ट हाती आला. दुसऱ्यांदा निघताना आईने येसराची डबी घेतली का, असे विचारले नाही. फाइल हातातल्या पिशवीत आहे ना, एवढेच तिने रिक्षात बसेपर्यंत तीनदा विचारले. टोरांटोच्या अधिकाऱ्याने मी किती दिवस बाहेर होते ते विचारले, पान पाहिले आणि दोन मिनिटांत मला पुढे सोडले.

पुढे नवे कार्ड टपालाने आले, तेव्हा मी त्याची मुदत आईला फोनवर वाचून दाखवली. तिने ती माझ्या उरलेल्या फोटोच्या मागे, परभणीच्या शिक्क्याखाली लिहून घेतली आणि तो फोटो शेताच्या कागदांच्या ट्रंकेत ठेवला.