आर-टूची प्रिंट

भोसरी एमआयडीसीत आमचा एसपीएमचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या एखाद्या ठरावीक कामासाठी खास बनवलेल्या मशीनचा, छोटा कारखाना आहे. इथे एक मशीन दुसऱ्यासारखं नसतं, त्यामुळे मागच्या कामाचा अंदाज पुढच्याला जेमतेमच लागतो. चाकणच्या एका गिऱ्हाइकासाठी ड्रिलिंग-टॅपिंगचं (भोक पाडून आटे कापायचं) मशीन बनवायला घेतलं होतं. मुदत १४ आठवडे, लागले २१.

दहाव्या आठवड्यात फिक्स्चर, म्हणजे पीस जागेवर धरून ठेवणारी जोडणी, जुळवायला घेतलं, तर गिऱ्हाइकाचं कास्टिंग (ओतीव पीस) त्यातल्या लोकेटर पिनांवर बसेचना. आमचे जुने फिटर मामा, त्यांनी पीस दोनदा फिरवून पाहिला. म्हणाले, "साहेब, पीस चुकलाय की आपण?"

आपणच. गिऱ्हाइकाने दोन भोकांमधलं अंतर १२६ वरून १२८.५ मिलिमीटर केलं होतं. मेल मला आला, मी डिझाइनला पाठवला, ड्रॉइंगची तिसरी सुधारित आवृत्ती, आर-थ्री, निघालीही. व्हीएमसीवरच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरच्या) पोराकडे मात्र कूलंटचे डाग पडलेली आधीच्या आर-टूची प्रिंटच राहिली. फिक्स्चरची प्लेट ओएचएनएस या टूल स्टीलची, हार्डनिंग होऊन ५८ एचआरसी इतकी कडक झालेली. तिला आता ड्रिल लावणार कसं? शिवाय नवं भोक जुन्याच भोकावर चढत होतं. नवी प्लेट, पुन्हा हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग. गुरुवारची सुट्टी धरून नऊ दिवस गेले.

उरलेला उशीर सर्वो मोटर आणि मशीनचे भाग सरळ रेषेत सरकवणाऱ्या लिनियर गाइडवेचा. सगळं डिझाइन मंजूर होईपर्यंत आम्ही ऑर्डरच टाकली नव्हती. आता स्ट्रोक आणि लोड ठरला की ती आधी जाते, कव्हरचा रंग नंतर ठरला तरी चालतो.

यावर उपाय म्हणून मी आधी सॉफ्टवेअर घेतलं. रोज रात्री मीच भरायचो, बाकी कुणी उघडलंही नाही. (पैसे गेले ते गेले.) मग साधा नियम केला: जुनी प्रिंट परत दिल्याशिवाय नवी मिळणार नाही. आणि रोज सकाळी मशीनपाशीच उभ्याने दहा मिनिटं, प्रश्न एकच: कोण कशासाठी थांबलंय?

पहिले दोन दिवस कुणी बोलेना. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाले, "मी सोमवारपासून एम-आठच्या ॲलन बोल्टसाठी थांबलोय." लाखांचं मशीन, आणि अडलं होतं मूठभर बोल्टांवर! स्टोअरवाल्याला वाटत होतं ते आलेत.

गिऱ्हाइकाने बदल सांगितला की किती दिवस आणि किती पैसे वाढणार, हेही त्याच दिवशी लिहून कळवतो. सुरुवातीला फार अवघड वाटायचं.

पुढचं मशीन एकच आठवडा लांबलं. ट्रायलची कास्टिंगं गिऱ्हाइकाकडूनच उशिरा आली. आता तीही सकाळच्या प्रश्नात धरतो.