मुक्कामी बोट

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड या दोन द्वीपसमूहांच्या साधारण मध्यावर, फेअर आइल नावाचे एक बेट आहे. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी आणि वस्ती पन्नासच्या आसपास. नक्षीदार लोकरी विणकामामुळे आणि स्थलांतरित पक्ष्यांमुळे हे बेट जगाला माहीत असले, तरी मी त्याच्याविषयी वाचू लागलो तो तेथील एका जुन्या बोटीपायी. ‘गुड शेफर्ड ४’ ही बोट १९८६ साली बांधलेली आहे. ती बारा प्रवासी घेते, एखादी मोटार न्यायची झाल्यास ती यारीने उचलून बोटीवर ठेवावी लागते, आणि शेटलंडच्या मुख्य बेटावरील ग्रटनेसचा धक्का गाठायला तिला अडीच तासांच्या आसपास लागतात. वाटेत समबर्ग भूशिरापाशी अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांच्या भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांवर आदळतात, त्यामुळे हवा बरी असली तरी प्रवास सुखाचा होतोच असे नाही. उन्हाळ्यात आठवड्याला तीनेक फेऱ्या आणि हिवाळ्यात एखादीच. तीही समुद्राने परवानगी दिली तर. बारा या आकड्याचे मला प्रथम नवल वाटले होते. परंतु बारापेक्षा अधिक प्रवासी घेणारे जहाज आंतरराष्ट्रीय नियमांत ‘प्रवासी जहाज’ ठरते आणि त्याच्या सुरक्षेचे निकष अधिक कडक होतात, हे कळल्यावर उलगडा झाला.

माझी सारी नोकरी मराठवाड्यात एस.टी.च्या कार्यशाळेत गेली. पाटे बदलणे, इंजिन उतरवणे, चासिस शाबूत असेल तर तिच्यावर नवी बॉडी चढवणे, हेच आमचे काम. त्यामुळे जुने वाहन बदलायचे म्हटले की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा आणि दुरुस्तीच्या खर्चाचा, अशी माझ्या मनाची घडण झालेली आहे. फेअर आइलच्या बाबतीत मात्र हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. वय तर उघड आहे. बोट चाळिशीला टेकली आहे. खरी अडचण ती रात्री कोठे झोपते यात आहे.

बेटाच्या ईशान्येला नॉर्थ हेवन नावाचे छोटे बंदर आहे. उत्तरेकडून वारा सुटला की तेथे लाटा थेट आत शिरतात आणि अशा पाण्यात बोट दोरखंडाने बांधून ठेवणे म्हणजे ती खडकावर फोडून घेणे. म्हणून फेरी संपवून आलेली ‘गुड शेफर्ड’ पाण्यात ठेवतच नाहीत. तिला एका मोठ्या चौकटीवर घेतात, विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने उतारावरून वर ओढतात आणि खडकाच्या आडोशाला कोरलेल्या जागेत उभी करतात. पुढच्या फेरीच्या वेळी तीच कसरत उलट दिशेने. शेटलंडचेच दुसरे छोटे बेट फौला; तेथे तर बोट यारीच्या दोन बाहूंनी पाण्यातून उचलून धक्क्यावर टांगून ठेवतात. आता विचार करा, की अशा जागी अधिक लांब, अधिक रुंद आणि अधिक वजनाची नवी बोट आणायची झाली, तर विंच बदलावा लागणार, उतार वाढवावा लागणार, खडकातील जागा रुंद करावी लागणार, आणि ग्रटनेसच्या धक्क्याचेही काम निघणार. बोट ही या सगळ्या खर्चातील एक बाब उरते.

जानेवारी २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने या कामासाठी सुमारे २ कोटी ७० लाख पौंड मंजूर केले. पौंडाचे शंभर रुपये धरले तर २७० कोटी होतात, म्हणजे बेटावरील माणशी पाच कोटींच्या वर. हा हिशेब मी आमच्या कट्ट्यावर सांगितला तेव्हा एका मित्राने लगेच विचारले, की त्यापेक्षा त्या पन्नास जणांना मुख्य भूमीवर बंगले का बांधून देत नाहीत? प्रश्न थट्टेचा होता, पण स्कॉटलंडच्या इतिहासात त्याचे गंभीर उत्तर आहे. सेंट किल्डा या दूरच्या बेटावर तरणीताठी माणसे एकेक करून निघून गेली, मागे उरलेल्यांना बोटी वल्हवणे आणि शेते करणे झेपेना, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटच्या ३६ रहिवाशांनी स्वतःच्या विनंतीवरून बेट सोडले. फेअर आइलच्या लोकांना ही गोष्ट सांगावी लागत नाही.

बोट आधी आणि धक्का मागून, असा क्रम लावला तर काय होते, याचे उदाहरणही स्कॉटलंडमध्येच सापडते, आणि ते फार महागडे आहे. अॅरन बेटासाठीची ‘ग्लेन सॅनॉक्स’ आणि तिच्या जोडीची दुसरी बोट यांचे कंत्राट २०१५ मध्ये फर्ग्युसन या क्लाइड नदीकाठच्या गोदीला ९ कोटी ७० लाख पौंडांत दिले गेले. २०१८ मध्ये त्या मिळायच्या होत्या. २०१७ मध्ये जलावतरणाचा समारंभ झाला तेव्हा खिडक्यांच्या जागी नुसता रंग दिलेला होता. २०१९ मध्ये गोदी दिवाळखोरीत निघाली, सरकारने ती ताब्यात घेतली, खर्च मूळ रकमेच्या कित्येक पट झाला, आणि ‘ग्लेन सॅनॉक्स’ प्रत्यक्ष सेवेत आली ती जानेवारी २०२५ मध्ये. एवढे होऊनही जेथून ती सुटायची त्या आर्ड्रॉसन बंदराची पुनर्बांधणी झालेली नव्हती आणि नवी बोट तेथे लागू शकत नव्हती. म्हणून ती ट्रून या दुसऱ्या बंदराहून सुटू लागली आणि पाऊण-एक तासाचा प्रवास लांबला. वर्तमानपत्रांनी रंगवलेल्या खिडक्यांची भरपूर चेष्टा केली. माझ्या मते बंदराची गोष्ट अधिक बोधक आहे, पण तिचे छायाचित्र निघत नाही.

पुढे तर हा मुक्कामाचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होणार आहे. रासे बेटासाठी २०१२ मध्ये पाण्यात उतरवलेली ‘हॅलेग’ ही बोट डिझेल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालते. आता छोट्या बेटांच्या मार्गांसाठी पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या सात बोटींचे काम २०२५ मध्ये पोलंडमधील गोदीला दिले गेले आहे, आणि त्या रात्री धक्क्याला लागूनच चार्ज व्हायच्या आहेत. जेथे मुक्काम तेथे वीज हवी, असा त्याचा सरळ अर्थ. फेअर आइलवर चोवीस तास वीज आली तीच मुळी २०१८ मध्ये.

आमच्याकडे मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. संध्याकाळी शेवटच्या गावात येते, चालक-वाहक ग्रामपंचायतीच्या खोलीत किंवा मारुतीच्या देवळात पथारी टाकतात आणि पहाटे सहाला तीच गाडी कॉलेजची पोरे, दुधाचे कॅन आणि तालुक्याच्या दवाखान्यात जाणारी म्हातारी माणसे घेऊन निघते. एका आगाराने अशा एका गाडीचा मुक्काम रद्द करून तिची पहिली फेरी सकाळी नऊला आगारातून सुरू केली, तेव्हा कागदावर फेऱ्या तेवढ्याच राहिल्या होत्या. वर्षभरात त्या गावातून कॉलेजला जाणाऱ्या मुलींची संख्या किती घटली, हे कोणत्याही तक्त्यात आले नाही. ‘गुड शेफर्ड’ अशीच मुक्कामी आहे. ती बेटाची आहे, तिचे खलाशी बेटावरचे आहेत, आणि हीच माणसे मेंढ्या पाळतात व बेटावरची आणखी चार कामे सांभाळतात. बोट ग्रटनेसला मुक्कामी ठेवली तर बांधकामाचा खर्च पुष्कळ वाचेल, यात शंका नाही. पण मग खलाशांच्या नोकऱ्या तिकडे जातील, त्यांची कुटुंबे जातील आणि प्राथमिक शाळेच्या पटावरची एक-दोन नावे कमी होतील. माध्यमिक शिक्षणासाठी मुलांना तसेही शेटलंडच्या मुख्य बेटावरील लेर्विकच्या वसतिगृहात राहावे लागतेच.

हे सर्व वाचण्यास एक निमित्तही घडले. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, फुगवट्याकाठच्या एका गावातील काही मंडळी माझ्याकडे अर्ज लिहून घेण्यासाठी आली होती. १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण झाले आणि सुमारे ३५० चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली आली. जी गावे पूर्वी पायवाटेने जोडलेली होती, त्यांच्यामध्ये पाणी उभे राहिले. गंगापूर तालुक्यातील भिव धानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेला जातात, ही बातमी २०२३ मध्ये देशभर छापून आली होती. माझ्याकडे आलेल्यांची मागणी एका ओळीची होती: गावास एक मोटारबोट मिळावी.

मी त्यांना विचारले, मे महिन्यात पाणी कोठवर हटते? त्यांनी हाताने दाखवले; श्रावणात ज्या लिंबाच्या बुडाशी होडी लागते, तेथून वैशाखात पाणी दूरवर सरकलेले असते, मधल्या पट्ट्यात गाळपेराची पिके उभी असतात आणि त्यापुढे गुडघाभर चिखल. म्हणजे आमच्याकडे लाटा नाहीत, पण काठच जागेवर राहत नाही. एका जागी बांधलेला सिमेंटचा धक्का वर्षातील काही महिने उपयोगी पडेल आणि उरलेले महिने गुरे बांधायला. उतारावर टप्प्याटप्प्याने खाली जाणारा धक्का हवा, किंवा पाण्याबरोबर सरकणारा तरंगता. बोट वादळवाऱ्यात कोठे बांधायची, डिझेल कोण भरणार, चालवायला गावातला मच्छीमार प्रशिक्षण देऊन नेमायचा की तालुक्याहून माणूस यायचा, हेही मी अर्जात घातले. मसुदा वाढत वाढत तीन पाने झाला.

तो वाचून दाखवल्यावर त्यांच्यातला एक तरुण म्हणाला, “काका, एवढं समदं मागितलं तर होडीबी भेटायची नाही.” त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. एक बोट मंजूर करणे सोपे असते, तिचे उद्घाटन करता येते, फोटो निघतो. मेमधला चिखल मोजून धक्का बांधणे हे कोणाच्याच कार्यकाळात मावत नाही. पण दुसऱ्या एका गावाला मिळालेली फायबरची बोट बाभळीखाली उलटी पडलेली त्यानेही पाहिली होती, त्यामुळे वाद फार लांबला नाही. शेवटी अर्जात पहिल्या वर्षी दोन्ही काठांचे धक्के आणि दुसऱ्या वर्षी बोट, अशी मागणी घातली. सोबत जोडायच्या नकाशावर मेमधील आणि सप्टेंबरमधील काठाच्या दोन रेघा त्याच तरुणाने काढल्या. बोटीच्या लांबी-रुंदीचा रकाना मात्र धक्का ठरेपर्यंत मोकळा सोडला आहे.