लिव्हिंगस्टनला खो-खो शिकवायला गेलो त्याची गोष्ट

"स्वयंसेवक म्हणून परदेशी चाललोय" असं सांगितलं की बडोद्याच्या दांडिया बाजारात पहिला प्रश्न येतो, "किती देतात?" देत नाहीत, आपणच द्यायचे, असं म्हटलं की समोरचा गप्प होऊन आईकडे बघतो. आईचा प्रश्न जास्त अवघड होता. "खो-खो शिकवायला आफ्रिकेत? इथल्या पोरांना येतो का आता?"

झांबियातल्या लिव्हिंगस्टनमध्ये चार आठवड्यांचे १,४०,००० रुपये, तिकीट वेगळं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण पुढे तक्रारच करणार आहे. या पैशांत मिळालं काय, तर सहा जणांच्या खोलीत वरचा पलंग, भोक पडलेली मच्छरदाणी (मलेरियाच्या भागात!) आणि पाठीवर 'कोच' लिहिलेला टी-शर्ट. बाकीचे पाच जण विशीच्या आतले, इंग्लंडहून आलेले. पोरं चांगली होती, पण मैदानावर पाय ठेवण्याआधी मुलांबरोबर फोटो काढायची त्यांना फार घाई. मीही काढले, खोटं कशाला बोलू.

मुंबई, अदिस अबाबा, लुसाका आणि तिथून सात तासांची बस. बस सुटताना एका गृहस्थाने उभं राहून सगळ्यांसाठी प्रार्थना म्हटली. समोरून येणारे ट्रक पाहिल्यावर ती का म्हटली ते कळलं. व्हिक्टोरिया धबधबा दोनदा पाहिला. स्थानिक नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गडगडणारा धूर. भिजलो, फोन बंद पडला, धबधब्याचं वर्णन संपलं.

जेवणाची मात्र चंगळ. न्शिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हाताने गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेल्या भोपळ्याच्या पानांबरोबर खायचा. ते इंग्रज बिचारे काटा शोधत होते. माझं ताट चाटूनपुसून साफ.

काम असं होतं: सकाळी शाळेच्या मैदानावर खेळ घ्यायचा आणि खेळता खेळता एचआयव्ही, मलेरिया, स्वच्छता यांवर बोलायचं. तिथे मुलं फुटबॉल खेळतात, मुली नेटबॉल. मला दोन्हीतलं ओ की ठो कळत नाही. तिसऱ्या दिवशी तिथल्या कोचबाईंना म्हटलं, माझा खेळ शिकवू का? १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्याने खो-खोचे नियम छापले होते, हे आम्ही बडोदेकर कुणालाही ऐकवतो. त्यांनाही ऐकवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहित्य काय लागतं?" दोन खांब, म्हटलं. निलगिरीचे दोन वासे आले आणि खेळ सुरू झाला.

मुलींच्या तोंडी 'ख' बसेना. "को! को!" असा गजर चालायचा. आठ जणी आलटून पालटून उलट्या तोंडांनी बसलेल्या, लाल धुळीत गुडघे माखलेले, आणि पाठीला हात लागायच्या आधीच उठून पळणाऱ्या. चार दिवस मी एवढंच ओरडत होतो, "हात लागू दे! आधी हात, मग खो!"

एचआयव्हीसाठी एक खेळ केला. बसलेल्या आठ जणींनी मुठी मिटायच्या, एकीच्या मुठीत खडा. कुणाकडे आहे ते चेहऱ्यावरून ओळखा. कुणालाच ओळखता यायचं नाही. मग मी म्हणायचो, तसंच हे, बघून कळत नाही, चाचणी करावी लागते. आणि डास चावून होत नाही, हात मिळवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. हे शेवटचं वाक्य मी अगदी ठासून म्हणायचो.

१५ ऑगस्टला घरच्या ग्रुपवर सकाळपासून तिरंग्यांचा पाऊस. झांबियात तोच दिवस एचआयव्ही चाचणीचा. मैदानाच्या कडेला तंबू लागले होते. लहान मुलींना पालकांची संमती हवी, मोठ्या मात्र रांगेत. त्यातल्या एकीने, डोक्याला पिवळी फीत बांधणाऱ्या आणि सगळ्यात जास्त फाउल करणाऱ्या मुलीने विचारलं, "कोच, तुम्ही कधी केलीत?"

कधीच नाही. वय ४४, दोन आठवडे रोज चाचणीवर प्रवचन, आणि स्वतः कधीच नाही.

आत गेलो. नर्सने विचारलं, लग्न झालंय का, किती वर्षं, आणखी बरंच काही. बडोद्यात हे प्रश्न मला कुणी विचारायची टाप नाही. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर, वर द्रवाचा थेंब. पंधरा मिनिटं थांबा. एक रेघ उमटली तर नाही, दोन उमटल्या तर पुढची तपासणी. मला न्हाव्याचा वस्तरा आठवला, लहानपणी एकाच सुईने सगळ्यांना टोचणारे कंपाउंडर आठवले. कसा होतो, कसा होत नाही, हे मुलींना शिकवणारा मीच.

कोचबाई शेजारी येऊन बसल्या. मला बोलतं ठेवायला फुटबॉल काढला. १९९३ साली गॅबनच्या किनाऱ्याजवळ विमान कोसळून त्यांचा जवळजवळ अख्खा राष्ट्रीय संघ गेला, आणि २०१२ साली त्याच गॅबनमध्ये, त्याच लिब्रेव्हिल शहरात, झांबियाने आफ्रिकेचा कप जिंकला. मग त्याच सुरात म्हणाल्या, "मी अठरा वर्षं रोज रात्री एक गोळी घेते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. आता रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही." आपल्याकडे बीपीची गोळी सांगतात ना, तसं.

मला काका आठवला. १९९८ साली गेला. घरात आजही 'टीबीने गेला' असंच म्हणतात. भारतात ही औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागली २००४ च्या एप्रिलपासून. शेवटच्या वर्षी काका मागच्या खोलीत असायचा आणि त्याचं स्टीलचं ताट वेगळं ठेवलेलं असायचं, नाव घातलेलं, आजीने त्याच्या मुंजीत घेतलेलं. ते ताट आई वेगळ्या घासणीने घासायची. मी सतरा वर्षांचा होतो, तेव्हा ते मला काळजी घेणंच वाटलं होतं.

एक रेघ आली. बाहेर पिवळ्या फीतवालीने "को!" म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली आणि आत गेली. तिच्या रेघा किती आल्या, मी विचारलं नाही.

रात्री आईला फोन लावला. टेस्ट केली म्हटलं. "कसली?" मी म्हटलं, शुगरची. "आली ना नीट? मग ठीक. तिथे गोड कमी खात जा."

परत आल्यावर पहिल्याच रविवारी माळ्यावरच्या डब्यांमागून काकाचं ताट काढलं, घासलं आणि पानावर बसताना पुढे घेतलं. आई आमटीची वाटी घेऊन आली. ताटावरचं नाव तिने वाचलं. वाटी हातातच.

"दुसरं घे," ती म्हणाली, "त्याचा काठ वाकलाय."