४ पासून शून्यापर्यंत

गेले दोन आठवडे एकच गोष्ट डोक्यात फिरतेय, म्हणून लिहूनच टाकतो.

गणितात जे खरं ते सिद्ध करता येणारच, असं मी कॉलेज संपेपर्यंत धरून चाललो होतो. तर्कशास्त्रज्ञ गोडेलने १९३१ मध्ये हे मोडून काढलं ते वाचलं होतं, पण त्याने त्यासाठी रचलेलं विधान मला मुद्दाम बनवलेलं वाटायचं, साध्या आकडेमोडीशी त्याचा काय संबंध असं मनात यायचं. मग गुडस्टाईन या गणितज्ञाचं प्रमेय वाचलं, १९४४ चं.

वहीत करून बघा. ४ घ्या, म्हणजे २ चा २ रा घात. दोन्ही २ च्या जागी ३ लिहा, झाले २७, १ वजा करा, २६. आता २६ हे ३ च्या बेसमध्ये, म्हणजे ३ च्या घातांची बेरीज म्हणून मांडा (दोनदा नऊ, दोनदा तीन, आणि उरलेले दोन), बेस ३ चा ४ करा, परत १ वजा, ४१. असंच दरवेळी बेस एकाने वाढवत आणि १ वजा करत गेलं की पुढे ६०, ८३, १०९, वाढतच जातं. ३ पासून सुरू केलं तर ३, ३, ३, २, १, ० असं लगेच संपतं, आणि गुडस्टाईन म्हणतो की ४ काय, कुठलाही आकडा घ्या, शेवटी शून्यच येणार! ४ ला तिथे पोचायला लागणाऱ्या पायऱ्यांचा नुसता आकडा लिहायचा तरी १२ कोटींहून जास्त अंक लागतात.

पटायचं कसं? तर बेसच्या जागी कॅन्टरचा ओमेगा, म्हणजे पहिली अनंत क्रमसंख्या ठेवायची. बेस बदलल्याने ओमेगावाल्या रूपाला काहीच होत नाही, पण १ वजा केला की ते दरवेळी लहान होतं, आणि अशा संख्या कायम उतरत राहूच शकत नाहीत. संपलं. ही सिद्धता समजली त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि १९८२ मध्ये कर्बी आणि पॅरिस या दोन गणितज्ञांनी दाखवलं की पेआनोच्या ॲक्सिअममधून, म्हणजे ज्या मूळ गृहीतकांवर आपली बेरीज-गुणाकार-इंडक्शन सगळं उभं आहे त्यातून, हे प्रमेय सिद्ध होऊच शकत नाही (ती ॲक्सिअम सुसंगत आहेत असं धरून). गंमत म्हणजे ४ साठी वेगळं सिद्ध होतं, ५ साठी होतं, तुम्ही म्हणाल त्या एकेका आकड्यासाठी होतं, फक्त "सगळ्यांसाठी" हे एका दमात म्हणता येत नाही. माझ्या मते प्रमेय खरंच आहे, ॲक्सिअम कमी पडतात. आकडे सगळे साधे, पूर्णांक, मर्यादित, आणि त्यांच्याबद्दल खात्री करायला अनंतापर्यंत जाऊन यावं लागतं.