तुम्ही विचारलंत म्हणून: ते विषच ना?

"तुमच्या लॅबमध्ये जे औषध टाकून पेशी अडवता, तेच आमच्या पोराला रोज गिळायला लावता. मग ते विषच झालं ना?" गावी गेले की हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत विचारला गेला, मावशीच्या ओसरीवर विचारला गेला, एकदा तर एसटीत. औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर देतात ते. सिकलसेल काय असतो हे आमच्या चंद्रपूरकडच्या माणसाला मी सांगायला नको. एसएस पॅटर्नचं, म्हणजे आईबाप दोघांकडूनही सिकलसेलचा जीन आलेलं, एखादं तरी मूल नात्यात नाही तर शेजारात असतंच.

तर हो, रसायन तेच. डीएनएची नक्कल करायला पेशीला सुटे घटक लागतात आणि ते बनवणारं एन्झाइम हायड्रॉक्सियुरिया बंद पाडतं. माल संपला की नक्कल अर्ध्यावर अडते. त्या पावडरीच्या बाटलीला मी हातमोज्यांशिवाय हात लावत नाही, हेही खरं. पण नक्कल अडल्यावर पेशी काय करते, हे मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. माझी अकरा वर्षं त्याच एका गोष्टीत गेली आहेत.

पेशी थांबते. मी पोम्बे जातीच्या यीस्टवर काम करते. त्यात Cdc2 नावाचं कायनेज पेशीला विभाजनात ढकलतं. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवणारं प्रथिन. Wee1 हे दुसरं कायनेज Cdc2 च्या १५व्या जागेवर फॉस्फेट लावून ठेवतं आणि ते तिथं आहे तोवर विभाजन बंद. नक्कल अडली की उघड्या पडलेल्या डीएनएची खबर Rad3 या कायनेजला लागते, ते Cds1 या आणखी एका कायनेजला जागं करतं, आणि मग १५व्या जागेवरचं ते फॉस्फेट निघू दिलं जात नाही. ही सगळी कायनेजांनी कायनेजांना दिलेली वर्दी आहे. हार्टवेल आणि वाइनर्ट यांनी १९८९ साली अशा व्यवस्थेला चेकपॉइंट म्हटलं. "यीस्टचं माणसाला काय" असं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की १९८७ मध्ये पॉल नर्स आणि मेलनी ली यांनी Cdc2 बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाचा जीन घातला आणि ते यीस्ट पुन्हा विभाजू लागलं.

आता जे सांगायचं टाळत आले ते सांगते.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझा मावसभाऊ पुण्याला आला होता. वय वीस. सहा वर्षं रोज कॅप्सूल घेणारा. ताईची लॅब बघायची म्हणून मागं लागला. रविवार होता, लॅबमध्ये कुणी नव्हतं. हायड्रॉक्सियुरियात चार तास ठेवलेल्या पेशींच्या दोन स्लाइडी तयार होत्या. एक साध्या पेशींची, दुसरी Rad3 काढून टाकलेल्या पेशींची. मी दुसरी लावली. डीएनए निळा चमकत होता आणि पेशीच्या मधोमध उभी राहिलेली भिंत त्या निळ्या ठिपक्यातून आरपार गेली होती. एका बाजूला बराचसा डीएनए, दुसऱ्या बाजूला चिंधी. आम्ही याला 'कट' म्हणतो. चेकपॉइंट नसला तर पेशी अर्धवट डीएनए तसाच चिरून मोकळी होते. तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "ताई, हे त्याच औषधानं झालं?" मी म्हटलं, "हो."

Rad3 बद्दलही मी बोलले होते, मला आठवतं. पण डोळ्यांनी पाहिलेलं राहतं, कानांनी ऐकलेलं विरून जातं.

जानेवारीत मावशीचा फोन आला. हाडं दुखून दुखून पोरगा ओरडत होता, मग छातीत भरलं, दहा दिवस दवाखाना. त्यानं नोव्हेंबरपासून कॅप्सूल बंद केली होती आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी पोचले तेव्हा सलाईनच्या हातानंच त्यानं मला जवळ बोलावलं. "तूच तं दाखवलं ना ताई, कसं तुटते ते."

तेव्हा मी स्वतःला पुष्कळ समजावलं. चित्र खोटं नव्हतं. तो सज्ञान होता. सहा वर्षांत एकाही डॉक्टरनं त्याला कॅप्सूल नेमकं काय करते ते पाच मिनिटं बसून सांगितलं नव्हतं, मग दोष एकट्या माझा कसा? यातलं एकही वाक्य मी आज मागं घेत नाही. पण साध्या पेशींची स्लाइड तिथंच, हाताशी पडली होती. त्या पेशी नुसत्या लांब झालेल्या असतात, शेवग्याच्या शेंगेसारख्या, मधे एकच अखंड केंद्रक. औषध धुऊन काढलं की पुन्हा कामाला लागतात. त्याच्या पेशी या स्लाइडीसारख्या होत्या. पण त्यात बघण्यासारखं काही नाही असं मला वाटलं, म्हणून मी ती लावलीच नाही.

ती स्लाइड मी त्याला नंतर दाखवली. त्यानं विचारलं, "माझ्यातलं कायनेज धड आहे कशावरून?" मी म्हटलं, माणसातल्या Rad3 ला ATR म्हणतात, ते मुळातच नसेल तर गर्भ जगत नाही. उत्तर खरं आहे. पण हे औषध अस्थिमज्जेलाही आवरतं, पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून तर ठरावीक काळानं रक्त तपासायचं असतं. निर्धोक हा शब्द मी वापरणार नाही. विष हाही वापरणार नाही. १९९५ च्या मोठ्या चाचणीत या औषधानं वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले होते, आणि तसा एक झटका मी त्या खाटेपाशी उभं राहून पाहिला आहे.

तो पुन्हा कॅप्सूल घेतो. रक्ताचे आकडे वहीत लिहून मला फोटो पाठवतो. गेल्या आठवड्यात आकड्यांखाली एक ओळ होती: "लग्नाचं चाललं आहे. मूल पाहिजे असेल तं बंद करा लागते का?" शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, हे मला माहीत आहे. दोनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. शेवटी लिहिलं, आपण आपलं आपण बंद करायचं नाही, डॉक्टरांना विचारू, मी सोबत येते. गुरुवारची वेळ मिळाली आहे.