लेकराला स्पोर्ट्स कारमध्ये बसवायचंय? आधी उतरवायचं ठरवा

स्पोर्ट्स कारची सीट जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच. व्हीलचेअरची सीट दीड फुटाच्या वर. व्हीलचेअरवरच्या लेकराला स्पोर्ट्स कारमधून संथ फेरी मारून आणायचा दिवस, म्हणजे ट्रॅक डे. त्याचा सगळा जीव या मधल्या सहा-आठ इंचांत आहे. बसवताना लेकराचं वजन खाली जातं, त्यामुळे एकटा माणूसही काम उरकतो आणि वाटतं, सोपंय की. उतरवताना तेच वजन वर उचलायचं असतं, तेही छताखाली डोकं घालून, कंबरेत वाकून. लेकरू दमलेलं, गाडी तापलेली, मागे पुढच्या फेरीवाला हॉर्न देतोय. बापाच्या कंबरेत उसण भरते ती इथं, आणि लेकराचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटतं तेही इथंच. म्हणून गाडी कोणती, फेऱ्या किती हे सगळं नंतर. आधी उतरवायचं कसं ते ठरवायचं.

गाड्यांची आपल्याकडे मराठवाड्यात वानवा नाही. २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ते सगळ्यांना माहीत आहे. लेकराला फेरी मारून आणायला हौसेनं तयार होणारे मालकही भेटतात. पण त्यांना गाडीचा हॉर्सपॉवर विचारू नका, तीन मापं मागा: सीटची जमिनीपासून उंची, दाराखालच्या उंबऱ्याची रुंदी आणि दार पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा. टेप लावून फोटो काढा आणि व्हॉट्सअॅपवर टाका म्हणायचं. इंजिन मधोमध असलेल्या बऱ्याच गाड्यांचा उंबरा इतका रुंद असतो की नेहमीचा ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे लेकराला सरकवायची फळी, पलीकडे पोचतच नाही. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, ते उघडून शेजारी व्हीलचेअर लावायला निदान पाच फूट जागा लागते. पहिल्या वेळेला चार दारांची एखादी जोरकस सेडान बरी. लेकराला आवाज तोच मिळतो, आणि तुमची कंबर वाचते.

आता उतरवणं. घरातला एक चौरंग घ्या, १४-१५ इंच उंचीचा. गाडीची सीट १२ इंच आणि व्हीलचेअर १९ इंच असेल, तर ही मधली पायरी झाली. चार पायांचा, न डुगडुगणारा हवा. प्लास्टिकचं स्टूल नको, डांबरावर ते सटकतं. चौरंगाच्या पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. लेकराखाली घालायला दुहेरी घडीची सोलापुरी चादर लागेल. तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरल्या की उचलायची झोळी तयार होते.

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, सीट पूर्ण मागे. आधी लेकराचे दोन्ही पाय उचलून दाराबाहेर घ्या, मग कंबर वळवून त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करा. पाय आतच ठेवून धड ओढलं की गुडघा उंबऱ्यात अडकून पिळतो, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. एक माणूस ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून लेकराच्या पाठीमागून चादरीची कड धरतो, दुसरा समोरून. तिसऱ्याचा एक हात चौकट आणि लेकराचं डोकं यांच्या मध्ये राहतो, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. "एक, दोन, तीन" मोठ्यानं म्हणा, म्हणजे लेकरालाही कळतं. सरकवून चौरंगावर बसवलं की थांबा. श्वास घ्या, चादर सरळ करा, मगच चौरंगावरून चेअरवर. चेअरचे ब्रेक लावले तरी गुळगुळीत काँक्रीटवर ती मागे सरकते, म्हणून एकजण चेअरच्या मागे पाय लावून उभा पाहिजे.

पंचवीस किलोच्या वर लेकराचं वजन गेलं की एकट्यानं उचलायचं नाही, हा माझा नियम. पंचेचाळीसच्या वर गेलं तर स्पोर्ट्स कारचा नाद सोडा आणि ज्या गाडीची सीट व्हीलचेअरच्या उंचीला येते, अशा एसयूव्हीतून फेरी मारा. सराव आदल्या रविवारी घरीच करा. आधी तीस किलो गव्हाची गोणी घेऊन, मग एखाद्या चुलतभावाला अंग ढिलं सोडून बसायला लावून. गोणी पाय अडकवत नाही, चुलतभाऊ अडकवतो.

उचलायची पद्धत आजाराप्रमाणे बदलते, आणि हे ट्रॅकवरच्या मदतनीसांना बहुधा माहीत नसतं. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) लेकराला काखेत हात घालून उचलू नका. खांद्याचे स्नायू ढिले असल्यामुळे हात वर जातात आणि लेकरू आपल्या हातांतून खाली निसटतं. त्याला चादरच. सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही तेव्हा, अंग ताठ होऊन लेकरू सीटवरून पुढे घसरतं. कंबर नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडली की तो ताठरपणा सुटतो. इथं खोल स्पोर्ट्स सीट उलट फायद्याची, कारण तिच्यात गुडघे कंबरेपेक्षा वर राहतात. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचे वरचे दोन मणके काहींच्यात सैल असतात, तेव्हा डॉक्टरांना मानेबद्दल स्पष्ट विचारल्याशिवाय ट्रॅकचं नावही काढू नका.

स्पायना बायफिडा (पाठीचा कणा जन्मापासून नीट न मिटलेला) किंवा मणक्याची इजा असेल तर त्या जागेच्या खालच्या अंगात बऱ्याचदा संवेदना नसते. उन्हात उभ्या गाडीचं काळं लेदर, बेल्टचं लोखंडी बकल, उंबऱ्याजवळून जाणारा सायलेन्सरचा पाइप, या सगळ्यांनी कातडी भाजते आणि लेकरू ओरडत नाही. आपल्या हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसलं नाही तर त्यालाही नको. इजा वरच्या मणक्यात असेल तर खालच्या अंगाला घाम येत नाही, अंग तापत जातं. आपल्याकडे एप्रिल-मे तर सोडाच, डिसेंबर-जानेवारीतही फेऱ्या सकाळी अकराच्या आत उरका आणि एसी दहा मिनिटं आधी सुरू करा.

बसल्यावर चादर काढून घ्यायची, उतरवताना पुन्हा खाली सरकवायची. अंगाखाली जाड वाकळ किंवा उशी ठेवून बेल्ट लावला की ब्रेक दाबताना ती दबते, बेल्ट ढिला पडतो आणि लेकरू खालून घसरून पट्टा पोटावर येतो. खालचा पट्टा कंबरेच्या हाडांवर पाहिजे. पोटात फीडिंग ट्यूबचं बटण असेल तर पट्टा त्याच्या खालून गेलाय का, ते बोट घालून बघा. थेरपीतला छातीचा पट्टा लेकराला सरळ बसवतो, पण गाडीचा धक्का पेलायला तो बनवलेला नाही, सीटबेल्ट लागतोच. लेकराची उंची १४० सेंटिमीटरच्या आत असेल तर वरचा पट्टा गळ्यावर येतो, तिथं बूस्टर, म्हणजे लेकराला उंच करणारी गाडीची खास बैठक, लागतं. पुढच्या सीटवर लेकरू असेल तर एअरबॅग बंद. काही दोन सीटच्या गाड्यांत त्यासाठी किल्लीचं बटण असतं. बटण फिरवून भागत नाही, डॅशबोर्डवरचा दिवा लागला का ते बघायचं. बटणच नसेल तर ती गाडी या कामाची नाही. चार दारांची घ्या आणि मागे बसवा.

आता जागा. मराठवाड्यात रेसिंगचा पक्का ट्रॅक नाही. चेन्नईजवळचा ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी आणि ग्रेटर नोएडाचा पाच किलोमीटरच्या वरचा बुद्ध सर्किट हे देशातले नावाजलेले. पण तिथवर लेकराला नेऊन तीन फेऱ्या मारायच्या म्हणजे प्रवासातच त्याचे दोन दिवस मोडतात. त्यापेक्षा जवळचं एखादं मोठं, काँक्रीटचं, भिंतीआतलं आवार मालकाच्या लेखी परवानगीनं एका सकाळीपुरतं घ्यावं. वाळूज, शेंद्र्याच्या एमआयडीसीतले रुंद रस्ते सुट्टीच्या दिवशी मोकळे दिसतात, पण ते सार्वजनिक रस्ते आहेत. तिथं आणि समृद्धीवर वेगाची परीक्षा घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

सेलू, मानवत, जालन्याकडे जिनिंगची आवारं मोठी आहेत. अडचण एवढीच की हवा चांगली असते तेव्हा ती कापसानं भरलेली असतात आणि रिकामी होतात तेव्हा ऊन तापलेलं. दसऱ्याच्या आधीचे आठ-दहा दिवस, पाऊस ओसरलेला आणि कापूस यायचा, तेवढेच सोयीचे. एक मात्र सांभाळा. कोपऱ्यात साचलेले कापसाचे पुंजके गाडीखालच्या तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणारा भाग) लागले तर पेटतात. आदल्या दिवशी आवार झाडून घ्या, कडेला दोन अग्निशामक ठेवा. आग लागलीच तर चौरंग-बिरंग काही नाही. ड्रायव्हरनं बकल सोडायचं आणि मिळेल तिथं धरून लेकराला बाहेर ओढायचं. हे त्याला आधी सांगून, एकदा करवून घ्यायचं. विम्याचीही मालकाला आठवण करून द्या. साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणून हा कार्यक्रम संथ फेरीचाच राहिला पाहिजे. घड्याळ लावायचं नाही, ओव्हरटेक नाही.

संथ म्हणजे किती? पन्नास मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी ४० किलोमीटरनं गेलात तर बाजूला खेचणारा जोर वजनाच्या पाव पट. ६० नं गेलात तर अर्ध्याहून जास्त. वेग दीडपट झाला की जोर सव्वादोन पट होतो. लेकराचं डोकं चार किलोचं धरलं तर ४० ला मानेवर किलोभर ओढ, ६० ला सव्वादोन किलो. वर दीड किलोचं हेल्मेट चढवलं तर ६० ला तीन किलोच्या वर. ज्या मानेला ताटात बघायलाही आधार लागतो, तिला हे झेपत नाही. म्हणून मान कमजोर असेल तर हेल्मेट सक्तीच्या फेरीत जाऊच नका. बंद काचेची, बिनहेल्मेटची संथ फेरी मागा.

ड्रायव्हरची परीक्षा पाण्यानं घ्या. आठ सेंटिमीटर रुंद स्टीलचा पेला, काठाखाली दोन सेंटिमीटर सोडून भरायचा, कप होल्डरमध्ये ठेवायचा आणि लेकराशिवाय एक फेरी मारून यायचं. या वळणाला ४० च्या वेगात पाणी एका बाजूला सेंटिमीटरभर चढतं, पेल्यातच राहतं. ६० ला काठावरून जातं. झटक्यात ब्रेक दाबणाराही लगेच उघडा पडतो. गाडीचा मालक दोनदा पाणी सांडून आला तर दुसऱ्याला चालवायला द्यायला सांगा. वाईट वाटलं तर वाटू द्या.

आवाजाचं: शंभर डेसिबलला कान जेमतेम पंधरा मिनिटं सुरक्षित असतात आणि उघड्या सायलेन्सरजवळ तेवढा आवाज सहज होतो. बाहेर उभं असताना इअरमफ घाला. कानात मशीन असेल तर मफखाली ती शिट्टी मारते, तेव्हा आधी घरी घालून बघा. सेरेब्रल पाल्सीच्या लेकराला अचानक आवाजानं अख्ख्या अंगाला झटका बसतो; इंजिन त्याला सांगून, मोजून सुरू करायचं. फिट येणाऱ्या लेकराची झोप आणि गोळीची वेळ चुकवू नका, आणि फिट थांबवायचा मिडॅझोलमचा स्प्रे डिकीत नको, खिशात ठेवा.

ऑटिझम असलेल्या लेकराला दोन फेऱ्या सांगितल्या असतील तर दोनच. तो हसतोय म्हणून ड्रायव्हर लाडानं म्हणतो, "चल बाळा, आणखी एक!" आणि तिथंच सगळं बिघडतं. कधी संपणार हे माहीत होतं, म्हणून तर तो शांत बसला होता.

जे बोलत नाही, त्याची थांबायची खूण ड्रायव्हरला निघण्याआधी शिकवा. अंगठा, डोळे वर करणं, जीभ बाहेर काढणं, लेकराच्या अंगात सगळ्यात भरवशाची हालचाल असेल ती. हात आपोआप हलणाऱ्या लेकराला हाताची खूण ठरवू नका, पहिल्याच वळणावर गाडी थांबेल. पहिल्या पन्नास मीटरवर मुद्दाम थांबून विचारा, "जायचं का पुढं?" नाही म्हणालं तर तिथूनच परत.

गाडीत बसायचंच नाही म्हणालं, तर झेंडा द्या. सुटायचा हिरवा, संपल्याचा चौकड्यांचा. काठी बारीक असते, मूठ वळत नाही. एसीच्या तांब्याच्या पाइपवर घालतात ती काळी फोमची नळी अर्धा फूट कापून काठीवर चढवा, पकड बसते. तरीही सुटत असेल तर मनगटाला रुंद वेल्क्रोचा पट्टा.

घरी आल्यावर संवेदना नसलेल्या लेकराची मांडी, माकडहाड आणि टाचा उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल किंवा अर्ध्या तासात जात नसेल तर त्या जागेवर पुन्हा वजन येऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. चेअरच्या पुढच्या चाकांत काळी माती गेली असेल तर ती ओली असतानाच काढा. वाळली की एक्सलला दगडासारखी धरते.