कव्हरचा सगळा खेळ कॅमेऱ्याचा

कव्हर, म्हणजे आडोसा, घेतलेला असतो, कठड्याआडून नेम बरोब्बर शत्रूच्या डोक्यावर धरलेला असतो, गोळी सुटते आणि टवका उडतो तो समोरच्या कठड्याचाच. थर्ड पर्सन, म्हणजे आपलं पात्र पाठमोरं दिसणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये हे सर्रास होतं आणि त्यात हाताचा दोष नसतो. कॅमेरा असतो खांद्याच्या मागे आणि जरा वर. बंदुकीची नळी त्याच्या खाली. बहुतेक गेम आधी कॅमेऱ्यापासून क्रॉसहेअरमधून (पडद्यावरच्या नेमाच्या खुणेतून) एक रेषा टाकून लक्ष्य ठरवतात आणि मग नळीपासून त्या बिंदूपर्यंत दुसरी. पहिली रेषा कठड्यावरून सुटते, दुसरी कठड्यात अडकते. काही गेम अशा वेळी क्रॉसहेअरवर फुली दाखवतात. ती दिसली की ट्रिगरवरचं बोट काढायचं आणि अर्धं पाऊल बाजूला सरकायचं.

डाव्या-उजव्या कोपऱ्यातला फरकही यातूनच येतो. कॅमेरा सहसा उजव्या खांद्यावर असतो. भिंतीच्या उजव्या कडेने डोकावलं की आधी कॅमेरा बाहेर येतो आणि शरीर आतच राहतं. डाव्या कडेने मात्र काही दिसायच्या आत अर्धं अंग उघडं पडलेलं असतं. खांदा बदलायचं बटण असेल तर कोपऱ्यावर पोहोचायच्या आधीच दाबा. नसेल तर जागाच अशी निवडा की भिंत आपल्या डाव्या हाताला येईल.

पबजीच्या थर्ड पर्सन सामन्यांत तर झाडामागे स्थिर उभा असलेला खेळाडू अंगाचा केसही न दाखवता सगळं मैदान बघत असतो. फर्स्ट पर्सनचे, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारे, वेगळे सामने आहेत ते बरं आहे. तिथे डोळा आणि शरीर एकाच जागी असल्यामुळे हिशोब बदलतो. कोपऱ्याला चिकटून उभं राहिलं तर खांदा आधी बाहेर दिसतो आणि कोपऱ्यापासून लांब असलेल्याला समोरचा आधी दिसतो. म्हणून दोन-तीन पावलं मागे राहून कोपरा थोडा-थोडा उघडत जायचं. ऑनलाइन सामन्यात नेटवर्कच्या उशिरामुळे बाहेर येणाऱ्याला किंचित आघाडी मिळते, म्हणून एकाच कोनावर नेम धरून बसून राहणं वाटतं तितकं सुरक्षित नसतं. आणि एकदा गोळी चालवली की त्याच उंचीवर, त्याच कडेने पुन्हा डोकावू नका.

बटण दाबून भिंतीला चिकटायची पद्धत २००३ च्या 'किल स्विच'मध्ये नीट दिसली. घरोघरी पोहोचवली ती २००६ च्या 'गिअर्स ऑफ वॉर'ने. 'गिअर्स'मध्ये तिची खरी अडचण म्हणजे धावणं, कोलांटी मारणं, चिकटणं आणि आडोशावरून उडी मारणं हे सगळं एकाच बटणावर. घाईत कंट्रोलरची स्टिक जरा तिरकी राहिली की माणूस नको त्या खांबाला चिकटतो. भिंतीजवळ आल्यावर स्टिक सरळ भिंतीकडे करून मगच बटण दाबा. न बघता गोळ्या झाडायची सोयही असते, पण त्या इतक्या पसरतात की जवळ आलेल्याला शॉटगनने उडवण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नाही. 'द लास्ट ऑफ अस'ने २०१३ मध्ये चिकटायचं बटणच काढून टाकलं: वाकून आडोशाजवळ गेलं की पात्र आपोआप अंग चोरतं. लपाछपीच्या गेमला हीच पद्धत जास्त शोभते, कारण निसटताना भिंत सोडवत बसावं लागत नाही.

स्टेल्थमध्ये, म्हणजे अशा लपूनछपून खेळायच्या गेममध्ये, प्रश्न उलटा होतो: आपल्याला काय दिसतं यापेक्षा पहारेकऱ्याला आपलं काय दिसतं. त्याची नजर म्हणजे एक शंकू. त्या शंकूत डोकं, छाती, हातपाय अशा ठिकाणांपर्यंत रेषा टाकून बघितलं जातं. जितकं जास्त उघडं आणि जितकं जवळ, तितका संशय लवकर भरतो. म्हणून अरुंद खांबामागे वाकून बसलं तरी बाहेर राहिलेला गुडघा घात करू शकतो. 'डिसऑनर्ड' इथे खेळाडूला उघड झुकतं माप देतो: शरीर आडोशात असेल तर फक्त झुकून बघितल्याने पहारेकऱ्यांना पत्ता लागत नाही. १९९८ च्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये भिंतीला पाठ लावली की कॅमेरा खाली येऊन पुढची वाट दाखवतो आणि भिंतीवर टकटक करून पहारेकऱ्याला बोलावताही येतं.

दिसलोच, तर त्याच आडोशात परत बसणं ही सगळ्यात महाग चूक. शत्रू शेवटचं दिसलेलं ठिकाण लक्षात ठेवून तिकडे येतो; 'स्प्लिंटर सेल: कन्व्हिक्शन' तर त्या जागी आपली आकृतीच उमटवतो. नजर तुटताच बाजूने दोन आडोसे ओलांडा, म्हणजे ते जुन्या जागेकडे जाताना त्यांची पाठ आपल्याकडे येते.